गाठीचा कान

प्रितमची होडी परत आली ती दुसऱ्याच्या इंजिनाच्या होडीमागे ओढत, आणि तीही सकाळी दहाच्या सुमाराला, मिठबावच्या किनाऱ्यावर मासे घ्यायला आलेल्या बायकांपासून कावळ्याकुत्र्यांपर्यंत झाडून सगळे हजर असताना. बुडाली असती तर लोक हळहळले तरी असते. ओढून आणलेल्या होडीला कोण हळहळतो? हसतात.

प्रितमची बायको प्रेमलता टोपली घेऊन गुडघाभर पाण्यात उभी होती. तिला लांबूनच दिसलं की होडी एका अंगावर कलली आहे. होडी उलटू नये म्हणून बाजूला दोन दांड्यांना बांधलेला जो लांब ओंडका असतो, ती उलांडी पुढच्या दांड्यापासून सुटून पाण्यात तिरकी लोळत होती. मागचा बांधही ढिला पडला होता. जाळं अर्धंच दिसत होतं. माणसं मात्र दोन्ही होती, ती तिने आधी मोजली.

होडी वाळूला टेकायच्या आतच बाबलीने उडी मारली. बाबली म्हणजे प्रितमचा चुलतभाऊ आणि होडीवरचा दुसरा माणूस. ही होडी एकट्याने चालत नाही, एक वल्ह्यावर लागतो आणि एक जाळ्यावर.

"मी आता ह्या होडयेत पाय ठेवूचंय नाय!" बाबली ओरडला. "तीन पोरां आसत माका. हेका साधी उलांडी बांधूक येना नाय!"

"गाठ बरोबर होती," प्रितम म्हणाला.

"बरोबर होती तर सुटली कशी? माशांनी सोडली?"

बायका हसल्या. प्रितमचे कान लाल झाले, आणि मग तो जे बोलू नये ते बोलून गेला. "आबांनी बघितल्यानी गाठ. तेच बरी म्हणाले."

झालं. सगळ्या माना सुरूच्या झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्याकडे वळल्या. आबा म्हणजे प्रितमचे वडील. त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता, गेल्या शिमग्यात अंगावरून वारं गेलं तेव्हापासून तो तसाच पडलेला असे. आबा काठी टेकत उठले आणि घराच्या वाटेला लागले. त्यांच्या पाठीकडे सगळा किनारा बघत होता.

आता खरं सांगायचं तर प्रितम खोटं बोलला नव्हता. गाठ आबांचीच होती. दोन वेढे, दुसरा पहिल्यावर आडवा, आणि त्याच्याखालून टोक काढून आवळायचं. चाळीस वर्षं आबांनी हीच गाठ मारली आणि चाळीस वर्षं उलांडी जागची हलली नाही. पण ती मारली सुंभाने, स्वतः मांडीवर वळलेल्या काथ्याच्या दोरीने. यंदा वळायला हात नव्हता. गेल्या वर्षीचं उरलेलं सुंभ पावसाळ्यात उंदरांनी खाल्लं. मग प्रितमने बाजारातून हिरवी नायलॉनची दोरी आणली आणि गणपती झाल्यावर आबांच्या डोळ्यांदेखत त्यांचीच गाठ मारली. आबांनी मान डोलावली. सहा महिने नुसतं बसून राहिलेल्या माणसाला कोणी येऊन विचारलं, एवढ्यानेच त्यांचं मन भरून गेलं होतं. दोरी बदलली तर गाठही बदलावी लागेल, हे तेव्हा त्यांच्या मनात आलंच नाही.

घरी दुपारी प्रेमलताने पेज वाढली, सोबत भाजलेला खारा बांगडा. डाव्या हाताने जेवायची लाज वाटते म्हणून आबा हल्ली भिंतीकडे तोंड करून बसत. आज तर त्यांनी ताट उचलून पडवीतच नेलं.

प्रितमने हात धुतले आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "गोव्याक ट्रॉलरार माणूस व्हयो आसा. सोमवारी जातंय."

"कधी येतल्यात?"

"मे म्हयन्यात. हंगाम सरलो काय."

दोन वर्षांपूर्वी तो असाच गेला होता. आठ महिन्यांनी उंबऱ्यात उभा राहिला तेव्हा त्यांची रिया, तीन वर्षांची, बापाला बघून रडत चुलीमागे जाऊन लपली होती. दोन दिवस जवळ गेली नाही. तेव्हा प्रितमने शपथ घेतली होती की पुन्हा परक्याच्या बोटीवर जाणार नाही. आणि आज त्याने खुंटीवरची रेक्झिनची बॅग काढून झटकली, तिच्यात दोन लेंगे घातले आणि परत खुंटीला लावली.

"बाबली येतलो परत," ती म्हणाली. "रागात बोललो तो."

"तो कशाक येतलो? मीच येवचंय नाय तेच्या जागी असतंय तर."

शनिवारी सकाळी नसीबाभाभी आली. ती आचऱ्याच्या बाजारातली सुक्या मासळीची व्यापारीण, टेंपो घेऊन गावोगाव फिरायची. प्रेमलताने अंगणात सुकवलेली सुकट आणि बांगडे गोण्यांत भरून ठेवले होते, फक्त तोंडं बांधायची राहिली होती. नसीबा पायरीवर बसली, पदराने वारा घेत म्हणाली, "आयकलंय मी. तुज्या घोवाक ओढून हाडल्यानी म्हणे."

"अख्ख्या तालुक्यान आयकला मगे," प्रेमलता म्हणाली आणि गोणीच्या तोंडाला प्लास्टिकची सुतळी गुंडाळू लागली.

ही गाठ तिला नसीबानेच शिकवली होती. तोही एक तमाशाच झाला होता. एकदा प्रेमलता सुकटीची गोणी घेऊन एसटीने आचऱ्याला निघाली. वळणावर गोणीची गाठ सुटली आणि सगळी सुकट पुढच्या सीटवरच्या नवऱ्यामुलाकडच्या वऱ्हाडाच्या मांडीवर! नवरदेवाच्या फेट्यातसुद्धा सुकट सापडली. कंडक्टर पुढचा अर्धा रस्ता नाक धरून तिकिटं फाडत होता. त्याच बसमध्ये नसीबा होती, पोट धरधरून हसली, आणि मग स्टॅंडवर उतरल्यावर तिला बाजूला घेऊन म्हणाली, "तू काथ्याची गाठ प्लास्टिकाक मारतंस. ह्या निसरडा आसा, गो. टोक आणि एकदा आतसून घाल. पयल्या वेढ्याखाल्सून. दोनय टोकांनी आडव्या वेढ्याच्या पोटात एकामेकांक धरूक व्हया." तेव्हापासून प्रेमलताची एक गोणी सुटली नाही.

तिने शेवटचं टोक आतून घातलं, दोन्ही टोकं ताणली आणि गाठ करकचून बसली. बसली आणि प्रेमलताचे हात जागच्या जागी थांबले.

काथ्याची गाठ प्लास्टिकाला.

ती उठली. पडवीत हिरव्या दोरीचा उरलेला तुकडा होता तो आणला, कोपऱ्यातलं मुसळ आणलं आणि मुसळाच्या मध्यावर आबांची गाठ मारली, अगदी दात ओठ खाऊन आवळली. मग मुसळ उभं धरून वाईनात, म्हणजे जमिनीतल्या उखळात, आपटलं, भात कांडताना आपटतात तसं. दहा बारा घावांत गाठ ढिली होऊन मुसळावरून खाली घसरली.

"काय गो, मुसळाचा लगीन लावतंस?" नसीबाने विचारलं.

प्रेमलताने गाठ पुन्हा मारायला घेतली. तोच वेढा, तीच दोरी, फक्त टोक आणखी एकदा आतून. परत आपटलं. दहा, वीस, पन्नास घाव. खांदे भरून आले, कपाळावरचा घाम डोळ्यांत गेला. गाठ तसूभर हलली नव्हती. उलट लाकडात रुतून बसली होती.

"नसीबाभाभी," ती धापा टाकत म्हणाली, "तुजा तोंड गोड करीन मी."

प्रितम आला तेव्हा तिने मुसळच त्याच्यापुढे आडवं धरलं. त्याने गाठ ओढून बघितली, नखाने उचकटून बघितली आणि मग कशाची गाठ ते कळल्यावर त्याचं तोंड वाकडं झालं.

"गोणयेची गाठ? उलांडीक? लोक आदीच हसतत माका."

"हसूंदेत. तुमी गोव्यात जातल्यात, तुमका तां आयकूक येवचा नाय. माका हयसरच रवाचा आसा."

पडवीतून आबांचा आवाज आला. कालपासून त्यांनी काढलेला तो पहिला शब्द. "सोडतत कशी ती?"

प्रेमलता घुटमळली. "सुटना नाय ती, आबा. कापूक लागता."

"मगे नको."

त्या घरात उलांडीच्या बांधाला सुरी लावत नाहीत. हंगाम संपला की घरातल्या वडील माणसाने बांध हाताने सोडायचा, दोरी गुंडाळून देवाच्या कोनाड्याखाली ठेवायची. आबांच्या वडिलांनी एकदाच घाईत कोयता लावला होता आणि पुढच्याच हंगामात होडी खडकावर फुटली. त्यानंतर कोणी धजलं नाही. प्रेमलताला हे सगळं ठाऊक होतं. पण सोमवार परवावर आला होता आणि बॅग खुंटीवर लटकत होती, आणि तिला आला राग.

"सुरी लावली तर होडी जाता म्हणतास," ती म्हणाली. "सुरी लावूक तरी होडी रवाक व्हयी ना, आबा?"

बोलली आणि तिचीच जीभ तिला जड झाली. सासऱ्याला ती आजवर असं बोलली नव्हती. कळशी उचलून ती तडक विहिरीवर निघून गेली, आणि गरज नसताना तीन खेपा पाणी भरलं.

तिसऱ्या खेपेला परतली तर आबा पडवीत मुसळ दोन्ही गुडघ्यांत दाबून बसले होते. डाव्या हाताच्या अंगठ्याने गाठीचा एकेक वेढा चाचपत होते, डोळे मिटून.

"हयसर ये," ते म्हणाले. "परत बांध. सावकाश."

तिने बांधली. त्यांनी बघितली. पुन्हा बांधायला लावली. तिसऱ्या वेळेला ती शेवटचं टोक आतून ओवू लागली तशी त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"थांब. टोक पुरा भायर काडू नको. दुमड तेका. दुमडून घाल, कान रवांदे भायर."

तिने टोक दुमडून आत सारलं. गाठीच्या एका बाजूला दोरीचा छोटा कान उरला आणि दुसऱ्या बाजूला मोकळं टोक. दोन्ही बाजूंनी ताणल्यावर गाठ तशीच करकचून बसली.

"प्रितम! आपट."

प्रितम दारात उभा राहून हे सगळं बघत होता. त्याने मुसळ घेतलं आणि बायकोने मारले नसतील एवढे घाव मारले. गाठ हलली नाही. आबांनी मुसळ परत मागून घेतलं, गुडघ्यांत धरलं, डाव्या हाताच्या दोन बोटांत कानाचं मोकळं टोक पकडलं आणि हिसका दिला. गाठ सळ्ळकन मोकळी झाली.

आबा हसले. शिमग्यापासून पहिल्यांदा हसले, एका बाजूनेच, दुसरी बाजू अजून नीट हलत नव्हती. "दोन हात लागनत नाय नि सुरीय लागना नाय," ते म्हणाले. "कानाक सुतळयेचो एक वेढो मारा म्हणजे लाटेन ओडली जावची नाय." मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाले, "माज्या ध्यानात येवक व्हया होता. सुंभ पाणी पिता नि आवळता. ह्या नायलॉन पाणी पीना नाय. चाळीस वर्सां पाण्यात काडलंय नि माका तां दिसाक नाय."

"माकाय खंय दिसला, आबा," प्रितम म्हणाला. "आणि काल मी किनाऱ्यार..."

"जावंदे रे. खरा ताच बोललंस."

रविवारी सकाळी प्रेमलता होडीपाशी गेली. घरच्या बाईने टोपल्या वाहायच्या, जाळी शिवायची, पण उलांडीचा बांध हा काही बायकांच्या कामातला नव्हे. त्यामुळे बघायला माणसं जमलीच. ती खाली वाळूत बसून ओंडक्याला वेढे घालत होती, समोरून प्रितम टोक ओढत होता, आणि आबा होडीच्या कडेला टेकून एकेक वेढ्याला सूचना देत होते.

"काय प्रितम, आता जाळाय बायलच मारतली काय?" कोणीतरी विचारलं.

"तुजी मारीत तर बघ," आबांनी उत्तर दिलं, आणि हसू त्याच माणसावर उलटलं.

बाबली लांब उभा होता, हात बांधून. दोन्ही बांध झाले तसा तो जवळ आला. दांड्यावर चढला. ओंडक्यावर दोन्ही पायांनी उभा राहून उड्या मारल्या, बैलाला हाकावं तसा ओरडत. मग खाली उतरून ओंडक्याला खांदा लावला आणि मान ताणून, दात दाखवत ढकलला. त्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. ओंडका तिथेच.

"कोणी शिकयल्यान?" त्याने विचारलं.

"नसीबाभाभीन," प्रेमलता म्हणाली. "आणि आबांनी."

बाबलीने वाळू झटकली. "एक दिस येतंय. एकच. कलली तर उडी मारून पोवत घराक जातलंय, आदीच सांगतंय."

सोमवारी उजाडता उजाडता ते गेले. गोव्याची गाडी दुपारी होती. आजची होडी नीट परत आली तर प्रितम राहणार, नाही तर बॅग घेऊन जाणार, असं ठरलं होतं. प्रेमलताने घरात झाडलोट केली, रियाला शाळेत सोडलं आणि मग तिच्या हातून एकही काम धड होईना. नऊच्या सुमाराला माड एका बाजूला वाकायला लागले. समुद्रावरून काळपट ढग सरकत आला आणि वाऱ्याने पडवीतलं सूप उडवलं.

ती धावत किनाऱ्यावर गेली. आबा आधीच येऊन बसले होते. ती त्यांच्या शेजारी वाळूत बसली. पाऊस तिरका, टोचणारा, दोघंही भिजत होती, आणि उठून झाडाखाली जाऊया असं दोघांपैकी कोणी म्हटलं नाही.

एक होडी आली. दुसरी आली. तिसरीतला माणूस वाळूवर उतरताच आबांनी विचारलं, "आमची बघितलंस?"

"खडकाच्या भायर होती. लाटा मोट्यो आसत थंय, आबा."

आपणच पाठवलं, प्रेमलता मनाशी म्हणाली. गोव्याला गेला असता तर मोठ्या बोटीवर असता. गोणीच्या गाठीवर आपण माणसं समुद्रात घातली. तिने हे मोठ्यानेही म्हटलं असावं, कारण आबा म्हणाले, "गाठ माजीय आसा ती. तुजी एकटेची नाय."

मग पावसाच्या पडद्यातून एक काळी रेघ आली, वर गेली, खाली गेली, नाहीशी झाली, परत आली. प्रेमलता उभी राहिली. होडी सरळ होती. लाट यायची, उलांडी पाण्यावर आपटायची, फेस उडायचा आणि होडी पुन्हा सरळ व्हायची. तिला ओंडका दिसत होता, दोन्ही दांडे दिसत होते, दोन्ही माणसं दिसत होती. ती एकदम मटकन खाली बसली आणि रडू लागली, आणि रडताना हसतही होती. आबांनी डाव्या हाताने तिच्या डोक्यावर एक चापट मारली.

होडी वाळूला लागली. बाबली सावकाश उतरला. बांगड्यांनी अर्धी होडी भरली होती, पण तो आधी वाकून पुढची गाठ बघायला गेला, मग मागची. दोन्हींचे कान सुतळीत तसेच बांधलेले होते.

"प्रेमलतावैनी," तो म्हणाला, "आमच्या गोठ्याचा कवाड सारखा उघडता. तेकाय बांधून दी गो एकदा."

"बांधीन. कालवण जेवक ये आदी."

चिंब भिजलेला, वल्ह्यांनी तळवे सोललेले, प्रितम तिच्याकडे बघत नुसता उभा राहिला. घरी गेल्यावर त्याने खुंटीवरची बॅग काढली, दोन लेंगे काढून घडवंचीवर ठेवले आणि बॅग रियाला घर-घर खेळायला देऊन टाकली. प्रेमलता चुलीपुढे बसून बांगडे साफ करत होती. तिच्या छातीवरून एवढं मोठं ओझं उतरलं होतं की तिला वाटलं, आता आपण बसल्या जागी झोपून जाऊ.

तो हंगाम चांगला गेला. गाठ दोनदा भिजलेली सुतळी बदलण्यापुरती बघावी लागली, बाकी हात लावावा लागला नाही.

मे महिन्याच्या शेवटी होडी वर ओढली. बाबली होता, प्रितम होता, रिया ओंडक्यावर चढून बसली होती. बांध सोडायचा दिवस. आबा काठी टेकत आले, वाळूत बसले आणि पुढच्या बांधाची सुतळी त्यांनी दातांनी तोडली. मग डाव्या हाताच्या दोन बोटांत कानाचं टोक धरलं आणि हिसका दिला.

कान हलला नाही. आठ महिन्यांच्या खाऱ्या पाण्याने दोरी लाकडासारखी झाली होती. आबांनी बोटांना दोरीचा वेढा घेतला आणि पुन्हा ओढलं. काही नाही. त्यांच्या मानेवर घाम आला. बाबलीने नजर दुसरीकडे वळवली.

प्रितम पुढे सरकला. प्रेमलताने त्याचा सदरा मागून धरला.

आबांनी पाय ओंडक्याला टेकवला, सगळं अंग मागे झोकलं आणि तिसऱ्यांदा ओढलं. गाठ कुरकुरली. कान हळूहळू आत शिरला, आणि मग एकदम सगळे वेढे सैल होऊन वाळूत पडले. आबाही मागे पडले, उताणे, हातात दोरी घट्ट धरून. रियाने टाळ्या वाजवल्या. प्रितमने हात पुढे केला तो त्यांनी धरला नाही, आपले आपण उठून बसले. दोरी वाळूवरून ओढून घेतली, एका हाताने कोपरावर गुंडाळायला लागले, अगदी पूर्वीसारखी.

"दुसरी खंय आसा?" त्यांनी विचारलं.